साशिको आणि गोधडी: दहा जणींनी मिळून जपानी धाटणीचे चौकोन शिवताना

साशिको या जपानी शब्दाचा अर्थ बारीक टोचे. सुई कापडात टोचत टोचत पुढे न्यायची, बस. आपण त्यालाच धावदोरा म्हणतो. गोधडी, वाकळ, बाळाचं दुपटं हे सगळं याच एका टाक्यावर उभं आहे. आमच्या मुंबईच्या गटात पहिल्याच दिवशी एका काकूंनी "ते जपानी भरतकाम मला काही जमायचं नाही गं" म्हणून हात मागे घेतला होता. त्यांना म्हटलं, "काकू, नातवाच्या दुपट्याला घालता तोच टाका घाला, फक्त मी आखलेल्या रेघेवरून." तासाभरात त्यांची ओळ आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ होती.

हात आपल्याकडे आहेच. जपानी कामातून शिकायची ती दोन गोष्टींची शिस्त: रेघ आधी आखायची आणि दोरा कधीही ओढून घट्ट करायचा नाही. गटाने करायचं काम असेल तर तिसरी शिस्त आपली आपण घालावी लागते, ती मापाची. या लेखात ५० इंच रुंद आणि ६२ इंच लांब अशा एका पांघरुणाची पूर्ण कृती देते आहे. तयार झाल्यावर १० इंचांचे असे २० चौकोन, चार उभ्या रांगा आणि पाच आडव्या ओळी. दहा जणी असाल तर प्रत्येकीच्या वाट्याला दोन: एक आखीव नमुन्याचा आणि एक ठिगळांचा. पाच जणी असाल तर चार चार.

हे टाके कुठून आले

जपानच्या उत्तरेकडच्या तोहोकू भागात कापूस पिकत नाही, थंडी फार. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत, तिथले शेतकरी हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडापासून काढलेल्या धाग्याचे कपडे घालत. ते कापड विरळ, वारा आरपार जायचा. सुती चिंध्या आणि सुती दोरा जहाजांतून यायचा आणि तो जपून वापरावा लागायचा. मग थरावर थर ठेवून बायका ते धावदोऱ्याने एकत्र शिवू लागल्या. कापड जाड झालं, उबदार झालं, टिकाऊ झालं. पुढे त्या ओळींना आकार आले. फाटत, ठिगळं लागत पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या अशा कपड्यांना बोरो म्हणतात. एदो शहरातले, म्हणजे आजच्या टोकियोतले, आग विझवणारे लोकही असेच थर शिवलेले जाड कोट पाण्यात भिजवून अंगावर घालत.

मुंबईकर म्हणून मला यातला एक दुवा फार जवळचा वाटतो. १८९३ साली निप्पॉन युसेन कायशा या जपानी जहाज कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली, ती मुख्यतः आपल्या कापसासाठी. हार्बर लाइनवर कॉटन ग्रीन स्टेशन आलं की मला हटकून त्या कापसाच्या गाठोड्यांची आठवण होते.

पहिली भेट: माप एकच, पुठ्ठा एकच

आमच्या पहिल्या गट-गोधडीत प्रत्येकीने घरी, आपापल्या टेपने मापून चौकोन कापले होते. सगळ्यांचं माप साडेदहा इंच. जमिनीवर मांडले तेव्हा एकही ओळ जुळेना. कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते, तिच्या टोकाची पत्री निसटलेली असते, आणि काही जणी रेघेच्या आतून कापतात तर काही बाहेरून. चौकोनामागे पाव इंचाची चूक चार चौकोनांत एक इंच होते. त्या वेळी आम्ही नऊ चौकोन उसवले. हाताने घातलेले टाके उसवताना जो जीव तुटतो, तो शब्दांत सांगता येत नाही.

तेव्हापासून आम्ही कात्रीला हात लावायच्या आधी एक चौकट बनवतो. जाड, कडक पुठ्ठा घ्या. बाहेरची बाजू १०½ इंच, आत मधोमध ९ इंचांची खिडकी. म्हणजे चारही बाजूंना पाऊण इंचाची पट्टी उरते. मापायला लोखंडी पट्टी वापरा आणि कोपरा काटकोनात आहे का, हे नव्या कोऱ्या कागदाचा कोपरा लावून बघा. ही एक चौकट नीट तपासायची आणि बाकीच्या तिच्यावरूनच काढायच्या. नमुना नेहमी खिडकीच्या आत आखायचा आणि शेवटी चौकोन बाहेरच्या कडेवर कापायचा. साडेदहातला पाव-पाव इंच चारही बाजूंना शिलाईत जातो, त्याला आपण माया म्हणतो. नमुना आणि शिलाई यांच्यामध्ये अर्धा इंच मोकळं कापड राहतं. ते राहू द्या. नमुना कडेपर्यंत ठासून भरला की तो गुदमरतो.

त्याच भेटीत कापडही एकत्रच कापायचं. आख्ख्या गटाला एकाच ताग्यातलं कापड हवं, कारण निळ्या रंगाच्या दोन ताग्यांची छटा कधीच तंतोतंत जुळत नाही.

कापड किती आणि कुठलं

गडद निळी, साधी, मध्यम विणीची खादी किंवा हातमागाचं सुती कापड सगळ्यात चांगलं. सुई त्यातून लोण्यासारखी जाते. पॉपलीन आणि घट्ट विणीच्या चादरी टाळा, जाड दोरा ओढताना बोटं दुखतात आणि सुईची भोकं दिसत राहतात. सिंथेटिक मिसळ तर नकोच.

४४ इंच पन्याचं कापड धरलं तर हिशेब असा. चौकोन सुरुवातीला १२ इंचांचे कापायचे, कारण टाके घातल्यावर कापड थोडं आत येतं. एका पन्यात तीन बसतात, म्हणजे २० चौकोनांना सात ओळी, ८४ इंच. धुतल्यावर आटणं धरून अडीच मीटर. चौकोनांमधल्या पट्ट्यांना दीड मीटर आणि कडेच्या गोटाला अर्धा मीटर. एकूण साडेचार होतात, पाच मीटर घ्या. पट्ट्याही त्याच निळ्या कापडाच्या घ्याव्यात असं माझं ठाम मत आहे. वेगळ्या रंगाची पट्टी लावली की प्रत्येक चौकोनाला फ्रेम बसते आणि जुळणीतली बारीकसारीक चूक लगेच डोळ्यांत भरते. एकाच निळाईत सगळे नमुने तरंगत असले की गोधडी एकजीव दिसते.

याखेरीज नमुन्याच्या दहा चौकोनांखाली लावायला दीड मीटर पांढरं मलमल, मधल्या थरांना दोन जुन्या सुती साड्या आणि पाठीला एक मऊ झालेली सुती चादर, ६० बाय ९० इंचांची. मध्ये पॉलिस्टरचं अस्तर घालू नका. मुंबईच्या उकाड्यात ते अंगावर घेववत नाही, आणि पावसाळ्यात जाड झालेली गोधडी वाळतही नाही.

खरेदीला मंगळदास मार्केट बरं, एकाच छताखाली तऱ्हेतऱ्हेचं सुती कापड बघता येतं. दादरला हिंदमाताकडेही मिळतं. दोरे, सुया, टाचण्या भुलेश्वरच्या गल्ल्यांत. दुकानात कापड हातात घेतल्यावर आधी त्यातून एक सुई घालून बघा. दुकानदार नाही म्हणत नाहीत.

आता रंगाची गोष्ट, आणि ही गंभीरपणे घ्या. निळीचा रंग धाग्यात आतवर मुरत नाही, तो बराचसा पृष्ठभागावर बसतो, म्हणून घासला की निघतो. कापड कापण्याआधी सगळं एकत्र थंड पाण्यात, सौम्य साबणाने किंवा रिठ्याने धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने हा रंग पक्का होतो या समजावर विसंबू नका. वाळल्यावर पांढरा ओला रुमाल जोरात घासून बघा. रुमाल निळा झाला तर अजून एक धुणं. हे केलं नाही तर महिनाभर घातलेले शुभ्र टाके पहिल्याच पाण्यात फिकट निळे होतील.

दोरा आणि सुई

साशिकोचा खास दोरा कमी चकाकीचा, सैल पिळाचा, सुती असतो. ऑनलाइन मिळतो, पण गटासाठी महाग पडतो. आम्ही पर्ल कॉटन या भरतकामाच्या पिळदार सुती दोऱ्याचा ८ नंबर वापरतो, पांढराशुभ्र नव्हे, किंचित दुधाळ. भरतकामाचा सहा पदरी दोरा चालेल, त्यातले तीन किंवा चार पदर घ्या, पण सगळ्यांनी सारखेच घ्या. एकीने तीन, दुसरीने सहा पदर घेतले तर शेजारी शेजारी ठेवल्यावर एक चौकोन कुजबुजतो आणि दुसरा ओरडतो.

दोरा किती लागेल? नमुन्यातल्या सगळ्या रेघांची लांबी जोडा आणि तिच्या दीडपट धरा. त्यात सुरुवातीची आणि शेवटची टोकंही येतात. रंगाबाबत मी कडक आहे: निळ्यावर पांढरा, बाकी काही नाही. चेरीच्या फुलांची छापील कापडं आणि किमोनोतल्या बाहुल्या लावून काम जपानी होत नाही. ते होतं मोकळ्या जागेने आणि एका रेघेने.

सुई लांब आणि मोठ्या नेढ्याची हवी, दोरा न झगडता ओवता आला पाहिजे. अंगुस्तान वापरत असाल तर जरूर वापरा. जपानी पद्धतीत मधल्या बोटाच्या मुळाशी चामड्याची चकती घालून तळव्याने सुई ढकलतात. तशी चकती जुन्या चामडी पाकिटातून कापून करता येते.

आखणी: तीन नमुने

गडद कापडावर आखायला आपल्याकडे शिंपी वापरतात तीच साबणाची वाळलेली पातळ चिप्पी उत्तम. कड सुरीने तासून धारदार करा, रेघ बारीक येते आणि पाण्यात जाते. पिवळा कार्बन पेपर मात्र नको, त्याचे डाग राहिलेले मी पाहिले आहेत.

पहिला नमुना नवशिक्यांसाठी: दान-त्सुनागी, म्हणजे जोडलेल्या पायऱ्या. यात वळणं नाहीत, सगळा खेळ ठिपक्यांचा. खिडकीच्या मधोमध ६ इंचांचा चौकोन घ्या आणि त्यात पाव-पाव इंचावर ठिपके द्या. रांगोळीसाठी उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असतो ना, तसाच आलेख-कागदावरून करून घ्या, आणि भोकांतून खडूची पूड चोळा. रांगोळीच्या कागदावर ठिपके लांब लांब असतात, इथे पाव इंच हवेत. कागद उचलल्यावर प्रत्येक ठिपका साबणाच्या टोकाने पक्का करा. आता आडवी ओळ: पहिल्या ठिपक्यातून सुई वर, दुसऱ्यातून खाली, तिसऱ्यातून वर. पुढची ओळ उलट सुरू करायची, जिथे वरच्या ओळीत टाका आहे तिथे खाली रिकामी जागा. सगळ्या आडव्या ओळी झाल्या की त्याच नियमाने उभ्या. आडव्या ओळी भरताना काहीच कळत नाही, नुसत्या तुटक रेघोट्या. मग उभी तिसरी-चौथी ओळ घालता घालता एकदम तिरक्या पायऱ्या उतरू लागतात. तो क्षण बघायला मी प्रत्येक नव्या मुलीच्या शेजारी जाऊन बसते. दोरा: २५ उभ्या आणि २५ आडव्या रेघा, प्रत्येकी ६ इंच, मिळून ३०० इंच. दीडपट केले की साडेअकरा मीटरच्या आसपास.

दुसरा नमुना शिप्पो, एकमेकांत गुंतलेली वर्तुळं. शिप्पो म्हणजे सात रत्नं. याला कंपास लागत नाही, बांगडी लागते. आपल्याकडची "दोन-चार" मापाची बांगडी आतून सव्वादोन इंच असते, आणि ९ इंचांच्या खिडकीत अशा बरोबर चार बसतात. बांगडी आतल्या कडेने गिरवा. आधी चार ओळींत चार चार अशी १६ वर्तुळं एकमेकांना चिकटून काढा. मग चार वर्तुळांच्या मधे जी चांदणीसारखी पोकळी राहते, तिच्या मध्याला मध्य जुळवून बांगडी ठेवा. ती चारही स्पर्शबिंदूंमधून जायला हवी. अशी नऊ वर्तुळं आत येतील, कडांना अर्धी आणि कोपऱ्यांना पाव. झाल्या पाकळ्या तयार.

शिवताना मात्र एकेक वर्तुळ पूर्ण करत बसू नका. तिरक्या दिशेने लाटेसारखं जा: एका पाकळीची वरची कड, पुढच्या पाकळीची खालची, पुन्हा वरची. दोरा न तोडता या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत जाता येतं. सगळ्या लाटा एका बाजूला झाल्या की उरलेल्या कडा उलट लाटांनी, आणि मग दुसऱ्या तिरक्या दिशेने. पाकळीच्या प्रत्येक कडेवर टाके सारखेच हवेत. आम्ही ८ घालतो.

तिसरा आसानोहा, हेम्पचं पान. हेम्प भराभर आणि सरळ वाढतं म्हणून जपानमध्ये हा नमुना बाळांच्या कपड्यांवर घालायची रीत. आपण बाळाच्या दुपट्यावर जीव ओतून टाके घालतो, तोच भाव. मूळ आकृती समभुज त्रिकोणांची, पण आपल्या खिडकीत बसवायला पाया ३ इंच आणि उंचीही ३ इंच घ्या. पान किंचित उंचेलं दिसतं, बिघडत काही नाही. खिडकीत तीन-तीन इंचांवर आडव्या रेघा मारा. पहिल्या आणि तिसऱ्या रेघेवर ०, ३, ६, ९ इंचांवर बिंदू द्या, दुसऱ्या आणि चौथ्या रेघेवर दीड, साडेचार, साडेसात इंचांवर. शेजारशेजारच्या रेघांवरचे बिंदू तिरके जोडले की उलटसुलट त्रिकोण तयार होतात, कडेला अर्धे. आता प्रत्येक त्रिकोणाच्या आत, पायापासून एक इंचावर, बरोबर मध्ये एक ठिपका. त्या ठिपक्यापासून तिन्ही कोपऱ्यांना रेघा. अर्ध्या त्रिकोणांचा ठिपका खिडकीच्या कडेवरच येतो, तिथून आतल्या कोपऱ्याला एक रेघ जाते आणि दुसरी कडेवरूनच. खिडकीच्या आतल्या प्रत्येक बिंदूतून बारा किरण फुटले की आखणी बरोबर आली असं समजा.

टाका घालताना

मलमलचा तुकडा निळ्या कापडाखाली ठेवून चारी बाजूंनी कच्चा दोरा घाला. साशिको मुळात दोन थरांवरच होतो, आणि मागचे दोरेही लपतात. आता पुढच्या गोष्टी.

सुई पुढे नेण्यापेक्षा कापड सुईवर चढवा. उजव्या हाताने सुई स्थिर, डाव्या हाताने कापड वर-खाली, पाच-सहा टाके सुईवर भरले की मग ओढा. यामुळे टाके आपोआप एकसारखे येतात. दान-त्सुनागीत ठिपके सांगतील तसं, टाका आणि मोकळी जागा सारखी, पण शिप्पो आणि आसानोहात एका इंचात साधारण ५ टाके, वरचा टाका थोडा लांब, खालची जागा थोडी कमी, तीनास दोन या प्रमाणात. लांबून तांदळाचे दाणे ओळीने मांडल्यासारखं दिसलं पाहिजे.

ओढून झालं की थांबा, आणि शिवलेली ओळ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून सुरुवातीपासून टोकापर्यंत हलकेच निपटा. कापड सपाट होतं, दोरा सैलावतो. हे दर ओळीला, न चुकता. गोधडी शिवणाऱ्या बायकांचा हात दोरा ओढायला सरावलेला असतो, आमच्या काकूंना सगळ्यात कठीण गेलं ते हेच. गोधडीला ती सुरकुती शोभते, तिच्यात ऊबही असते. इथे मात्र सुरकुती आली की वर्तुळाची वांगी होतात.

वळताना मागच्या बाजूला दोऱ्याचा छोटासा फास सैल ठेवा, दोन-तीन मिलिमीटरचा. धुतल्यावर कापड आटतं तेव्हा तो फास कामी येतो.

जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे वरच्या बाजूला टाके एकमेकांवर चढू देऊ नका, मध्ये जरा मोकळं ठेवा. आसानोहाच्या बारा किरणांच्या मध्यावर तर नक्कीच, नाहीतर तिथे दोऱ्याची गाठोडी होते. त्या मोकळ्या मध्यामुळेच फूल उमलल्यासारखं दिसतं. टाके मोजून थोडे लहानमोठे करावे लागले तर चालेल, कोपरा मात्र चुकवायचा नाही.

गाठ मारू नका. सुरुवात रेघेवर थोडं पुढून करून तीन टाके मागे या आणि त्यांच्याच वरून परत पुढे जा. शेवटही तसाच. मागून दोरा एक इंचापेक्षा लांब उडवू नका. त्याहून दूर जायचं असेल तर तोडा.

हे काम हातात मावतं, म्हणून मुंबईला सोयीचं. आमच्यातल्या दोघी ठाण्याहून येता-जाता लोकलमध्ये बसायला मिळालं की एक ओळ घालतात. फक्त पावसाळ्यात सुई कापडात खोचून ठेवू नका. दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो आणि तो डाग जात नाही.

ठिगळांचा चौकोन

दुसरा चौकोन बोरोच्या वळणाचा. यात आखणी नाही, म्हणून सोपा वाटतो. मला तो अधिक कठीण वाटतो. घरातले जुने, विटलेले सुती कपडे आणा: सदऱ्याची कॉलर झिजलेली पाठ, पायजमा, शाळेच्या गणवेशाचा तुकडा. निळे, राखाडी, पांढरट एवढेच रंग. एका चौकोनावर तीन ते पाच तुकडे पुरेत. मांडा, दूर उभं राहून बघा, एक काढून टाका. कडा पाव इंच आत दुमडून टाचा, आणि मग संपूर्ण चौकोनावर अर्ध्या-अर्ध्या इंचावर समांतर धावदोरा, ठिगळावरून आणि मोकळ्या कापडावरूनही सलग. ठिगळ कापडाला चिकटवल्यासारखं न राहता त्याचाच भाग होतं ते या सलग ओळींमुळे. आमच्यातल्या एकीने वडिलांच्या गिरणीतल्या गणवेशाचा खिसा आणला होता. तो आम्ही उसवला नाही, खिसा म्हणूनच शिवला.

जोडणी

सगळे चौकोन उलट बाजूने, खाली टॉवेल घालून इस्त्री करा. मग पुठ्ठ्याची चौकट ठेवून, नमुना खिडकीत मधोमध आणून, १०½ इंचांवर कापा. हे एकाच व्यक्तीने करावं.

पट्ट्या अडीच इंच रुंद कापायच्या, शिवल्यावर दोन इंच राहतात. आखूड पट्ट्या १०½ इंचांच्या २५ आणि लांब पट्ट्या ५०½ इंचांच्या ६. लांब पट्ट्या कापडाच्या लांबीतून आधी काढा, उरलेल्यातून आखूड.

जमिनीवर मांडताना बुद्धिबळाच्या पटासारखं करा, एक नमुन्याचा, एक ठिगळांचा. यासाठी मोकळी जागा लागते. आमच्यापैकी कुणाच्याच घरात सहा फूट मोकळी फरशी नाही, म्हणून सोसायटीचा हॉल घेतो. मांडणीचा फोटो काढून ठेवा आणि मागे खडूने आकडे घाला.

मशीनवर पाव इंचाची माया सारखी येण्यासाठी सुईपासून पाव इंचावर पत्र्यावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून टीप मारा. प्रत्येक ओळ अशी: पट्टी, चौकोन, पट्टी, चौकोन, शेवटी पुन्हा पट्टी. एका ओळीत चार चौकोन आणि पाच आखूड पट्ट्या. माया पट्टीच्या बाजूला दाबून इस्त्री करा, म्हणजे नमुन्याखाली जाडी येत नाही. ओळ मोजा, ५०½ इंच यायला हवी. आली नाही तर पुढे जाऊ नका, आत्ताच उसवा. मग ओळींच्या मधे आणि वर-खाली लांब पट्ट्या.

थर, गोधडीचा टाका आणि गोट

फरशीवर पाठीची चादर ५४ बाय ६६ इंचांची कापून उलटी पसरा, आणि कडा कागदी चिकटपट्टीने फरशीला लावा. ताठ हवी, ताणलेली नको. वर साड्यांचे दोन थर. एका थरासाठी साडीचे ६८ इंचांचे दोन तुकडे लांबीत जोडा आणि ५४ इंच रुंद ठेवून बाकी कापा. सगळ्यांत वर आपलं काम, सुलटं.

आपल्याकडे गोधडी कडेपासून आत आत शिवत नेतात. तिथे वरचा थर अखंड साडीचा असतो, कडा आधी बांधल्या की तो हलत नाही. इथे वरचा थर तुकड्यांचा आहे, कडेपासून गेलात तर सगळी झोळ मध्यात साठेल. म्हणून कच्चा दोरा मध्यापासून बाहेर, चार-चार बोटांवर, आधी उभा मग आडवा.

आता चौघी चार बाजूंना बसा आणि पट्ट्यांवर गोधडीचा धावदोरा घाला, अर्ध्या इंचावर तीन ओळी, सगळ्या थरांतून. चौकोनांच्या आत पुन्हा टाके नकोत, फक्त कडेने एक फेरी. इथे मी काकूंना रेघ आखू देत नाही. त्यांचा हात जसा जातो तसा जाऊ दे, किंचित सुरकुती येऊ दे. चौकोन जपानी शिस्तीचे आणि त्यांना धरून ठेवणारे टाके आपल्या घरचे, हे या गोधडीत मला सगळ्यात प्रिय आहे.

कडा सरळ कापून गोट लावा. घेर २२४ इंच, म्हणून अडीच इंचांच्या सहा आडव्या पट्ट्या तिरक्या जोडून जेमतेम पुरतात, सात कापा. पट्टी लांबीत दुमडून, सुलट बाजूने मशीनवर लावायची आणि मागे वळवून हाताने तुरपाई.

पहिलं धुणं थंड पाण्यात, एकटंच, न पिळता. सावलीत दोरीवर दोन-तीन ठिकाणी आधार देऊन वाळवा, ओली गोधडी जड होते आणि एकाच ठिकाणी टांगली की टाके ताणतात. जून उजाडायच्या आत एकदा कडक वाळवून सुती पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. दर महिन्याला घडी बदला, नाहीतर घडीच्या रेघेवर निळा रंग विटतो. आमच्या मागच्या गोधडीच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, दहा जणींच्या नावांची आद्याक्षरं आहेत. काकूंनी त्यांचं अक्षर उरलेल्या पर्ल कॉटनने, इंचाला पाच टाके धरून, मोजून घातलं.